‘खंडित’ नको, ‘बंद’ लिहा

गेल्या आठवड्यात एका एसएमएसवरून माझं एका कार्यालयात चांगलंच वाजलं. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. लांबलंय, पण वेळ काढून वाचा.

एका नगरपालिकेचं जनसंपर्काचं थोडं काम आमच्याकडे आहे. पाणी बंद राहणार असेल तेव्हा लोकांच्या मोबाइलवर जाणारा मेसेज ठरवायचा होता. खात्याकडून मसुदा आला: ‘तांत्रिक देखभाल दुरुस्तीच्या कामानिमित्त पाणीपुरवठा खंडित राहणार असल्याने नागरिकांनी सहकार्य करावे.’ त्याच्या पुढे तारीख, मग वेळ, मग प्रभाग.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधं इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं जातात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला ७०. आणि ही ७० म्हणजे आपण बोटांवर मोजतो ती अक्षरं नव्हेत. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातलं हलन्तसुद्धा वेगळं. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द आपण वाचतो चार अक्षरांत, एसएमएसच्या हिशेबात तो १५ जागा खातो. खात्याच्या मसुद्यात ‘असल्याने’ हा शब्द पुरा व्हायच्या आतच पहिला एसएमएस भरतो. पाणी कधी जाणार, किती वाजता येणार, यातलं अजून काहीच सांगून झालेलं नसतं!

मेसेज लांबला की माणशी दोन किंवा तीन एसएमएसचे पैसे. हजारो नळजोडण्या म्हटल्यावर हा खर्च डोळ्यांत येतो. त्यावर कार्यालयाने तोडगा सुचवला, “मॅडम, मराठीच ठेवू, फक्त इंग्रजी अक्षरांत टाईप करू. १६० मिळतील.”

माझी आत्या साताऱ्याजवळ राहते, वय ७८. पेपर अथपासून इतिपर्यंत वाचते. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतलं काही आलं की “बँकेचं असेल” म्हणून फोन उलटा ठेवते. फसवणुकीच्या भीतीने आम्हीच तिला तसं शिकवलंय. पाण्याचा मेसेज रोमनमध्ये गेला तर तिच्यासाठी तो गेलेलाच नसतो. आणि ज्यांना रोमन वाचता येतं त्यांचं तरी काय? घाट, घात आणि घट रोमनमध्ये एकाच स्पेलिंगने लिहिले जातात. दर आणि दार एकच. पाण्याच्या मेसेजमध्ये चाललं म्हणाल, पण उद्या हाच तोडगा पुराच्या इशाऱ्याला लावला जाईल.

मी दिलेला मजकूर असा होता: ‘उद्या सकाळी ६ ते रात्री १० पाणी बंद. आज भरून ठेवा.’ मोकळ्या जागा धरून ५० चिन्हं. पुढे प्रभागाचा क्रमांक घातला तरी एका एसएमएसात बसतं, तेही देवनागरीत. म्हणजे पैशांचा प्रश्न सुटला होता. तरी मजकूर परत आला. ‘बंद’ हा शब्द कडक वाटतो, ‘खंडित’ बरा. ‘भरून ठेवा’ हा आदेश वाटतो. आणि ‘सहकार्य करावे’ गाळलं तर वरचे विचारतील.

वाद झाला तो यावर. पैसा नव्हता, वेळ नव्हता, ही कारणं मला १९ वर्षांत पाठ झाली आहेत. इथे दोन्ही होतं. तरीही धूसर वाक्य हवं होतं, कारण धूसर वाक्याला कुणी जाब विचारत नाही. ‘रात्री १० पर्यंत बंद’ असं लिहिलं की साडेदहाला फोन वाजायला लागतात. ‘खंडित राहणार असल्याने’ असं लिहिलं की वाजत नाहीत, कारण नेमकं काय सांगितलं होतं हेच कुणाला कळलेलं नसतं.

मजकूर लिहिण्याच्या आमच्या धंद्यात दर्जाची तडजोड म्हटली की लोक घाईकडे बोट दाखवतात, आणि घाई असतेच. इंग्रजी मजकुरावर तीन आठवडे बैठका होतात आणि संध्याकाळी सहाला फोन येतो, “ताई, मराठी करून द्या, सकाळी छापायला जायचंय.” हल्ली त्याच्या पुढची पायरी आली आहे: “मशीनमधून काढलंय, तुम्ही फक्त नजर मारा.” एकदा अशीच नजर मारताना एका मलमाच्या माहितीपत्रकात मला वाक्य दिसलं, ‘दिवसातून दोनदा अर्ज करा.’ ‘लावा’च्या जागी ‘अर्ज करा’, कारण इंग्रजीत दोन्हीला ‘अप्लाय’. ते माझ्या हाताखालून गेलं म्हणून सापडलं. त्याच्या आधीच्या पत्रकावर कुणी नजर मारली होती का, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. यंत्राच्या भाषांतराला माझा विरोध नाही, मी स्वतः वापरते. पण त्यातून वाचलेला वेळ तपासणीला मिळत नाही, तो सरळ वेळापत्रकातून कापला जातो. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

कोविडचे दिवस आठवा. सरकारी मराठीत आजारी माणसाच्या आयसोलेशनला ‘विलगीकरण’ म्हटलं आणि संशयिताच्या क्वारंटाइनला ‘अलगीकरण’. शब्द म्हणून दोन्ही शुद्ध. पण ज्या दोन गोष्टींत गल्लत व्हायला नको होती, त्यांना एका अक्षराच्या फरकाची नावं मिळाली. गावोगाव लोकांनी सरळ ‘कोरंटाईन’ म्हणायला सुरुवात केली आणि काम भागवलं. लोकांचं बरोबर होतं.

त्याहून मला लागलेला शब्द म्हणजे ‘सामाजिक अंतर’. सोशल डिस्टन्सिंगचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी. ज्या मातीत माणसाला सावलीसकट लांब ठेवण्याची रीत होती, महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तिथे आपण दवाखान्याच्या दारावर लिहून ठेवलं, ‘सामाजिक अंतर पाळा.’ जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘फिजिकल डिस्टन्सिंग’ म्हणायला सुरुवात केली होती. आपल्याकडेही अनेकांनी ‘शारीरिक अंतर’ लिहा म्हणून सांगितलं. तरी ती जुनी स्टिकर महिनोन् महिने भिंतींवर राहिली. मी स्वतः तेव्हा एका संस्थेचं पोस्टर ‘सामाजिक अंतर’ लिहून पाठवलं होतं. रात्री अकरा वाजता, थकलेली असताना. ते छापलं गेलं. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते. वरवर तिचा याच्याशी संबंध दिसत नाही, पण माझ्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका मुलीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाईक केल्या. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. ऑनलाइन लिहिलेल्या मजकुराने कुणाला ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘अपमान’ झाला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम. त्या काळात ऑफिसात मी पाहिलंय, माणसं लाईक काढून घेत होती. आमच्याकडे एकाने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बसून आपलं जुनं सगळं लिखाण एकेक करून पुसलं. त्यात निम्म्या तर मुलाच्या वाढदिवसाच्या पोस्ट होत्या.

श्रेया सिंघल नावाच्या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ते कलम रद्द केलं. हा निकाल प्रत्येक कॉपीरायटरने वाचावा असं मी म्हणते, कारण त्याचा मोठा भाग शब्दांविषयी आहे. त्रास म्हणजे नेमकं काय? गैरसोय कुणाची? एकाला बोचणारं दुसऱ्याला बोचत नाही, मग कायदा मोडला हे लिहिणाऱ्याने आधी कसं ओळखायचं? घटनेच्या १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधनं घालायची कारणं दिलेली आहेत: देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी वगैरे. त्यात ‘त्रास’ हे कारण नाही. कलम पडलं त्याचं एक मोठं कारण त्याची भाषा हेच होतं. धूसर शब्द लिहिला की त्याचा अर्थ ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याकडे जातो.

आणि काठी सहजी खाली ठेवली जात नाही. रद्द झालेल्या त्या कलमाखाली त्यानंतरही गुन्हे नोंदवले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याबद्दल धक्का बसल्याचं म्हटलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट आदेश द्यावा लागला की ६६अ खाली कुणावरही खटला चालवू नका.

तोच घोळ २०२३ मध्ये वेगळ्या रूपात आला. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे की नाही हे सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष सांगणार, असा नियम झाला. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, मग सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांच्या मताने तो नियम रद्द ठरला. पुन्हा तोच आक्षेप होता, शब्दांची व्याख्या नाही. ‘दिशाभूल करणारा’ कुणाच्या मते?

खोट्या मजकुराचा धोका मला कमी वाटत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती, आणि तशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. ती मला योग्य वाटली, आजही वाटते. कारण ती कोण काय बोलतो याला हात लावत नाही, फक्त मेसेजचा वेग कमी करते. पण आमच्या कामासाठी त्यात एक कडू धडा होता. अशी अफवा ‘आपल्या पोरांना घराबाहेर सोडू नका’ अशा बोलीत येते, शेजारणीने सांगावं तशी. तिला उत्तर म्हणून आपण देतो ‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’ या वाक्याने कुणाच्या पोटातली भीती कमी झाली असेल असं मला वाटत नाही. खोटं सोप्या मराठीत बोलतं आणि खरं कार्यालयीन मराठीत, मग लोक कुणाचं ऐकतील?

आणि आता तर आपणच आपली भाषा तोडायला लागलोय. पोस्टची रीच पडेल म्हणजे ती कमी लोकांना दिसेल, पेजवर कारवाईचा स्ट्राइक येईल, या धास्तीने माणसं ‘आत्म*त्या’, ‘ब*लात्कार’ असं लिहितात. कुठला शब्द यंत्राला खटकतो याची यादी कुणी जाहीर केलेली नाही. ऐकीव माहितीवर तारे टाकले जातात. माझा एक मित्र अंध आहे, मोबाइल त्याला पोस्ट वाचून दाखवतो. त्या दिवशी शेतकऱ्यांच्या प्रश्नावरची एक पोस्ट त्याच्या फोनने वाचली तेव्हा मी शेजारी बसले होते. ‘आत्म… स्टार… त्या.’ त्याने ती दोनदा परत लावली. मग मला विचारलं, “हे काय लिहिलंय गं?” मी शब्द सांगितला. तो म्हणाला, “मग तसं लिहायचं ना.”

आमच्या टीममधल्या मुलांना मी आता सांगून ठेवलंय, तारे टाकायचे नाहीत. पूर्ण शब्द लिहायचा. रीच गेली तर जाऊ दे, क्लायंटशी मी बोलेन. एका क्लायंटने त्यावरून काम काढून घेतलं. त्याचं दुःख झालं, महिन्याचं गणितही कोलमडलं. पण ज्या बाईला मदत हवी आहे तिने त्या शब्दाने शोधलं तर तिला आमचा मजकूर सापडायला हवा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असं छापलं. मराठी स्तंभाला शेजारी तितकीच जागा होती. ही गोष्ट मी ऑफिसात इतक्यांदा सांगितली आहे की मुलं आता ती माझ्याआधी पुरी करतात. गेल्या वर्षी-दोन वर्षांत आपण अभिजात दर्जाचे सोहळे केले. मला आनंद झालाच. पण एसएमएसच्या हिशेबात, वेळापत्रकात आणि मंजुरीच्या टेबलावर मराठी अजून उरलेल्या जागेत बसते आहे.

त्या पाण्याच्या मेसेजचं काय झालं ते सांगते. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांमुळे असा प्रत्येक मजकूर आधी नोंदवून टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला साचा, मंजूर करून घ्यावं लागतं. फसवणूक रोखायला ते हवंच. पण त्यामुळे एकदा नोंदलेलं वाक्य वर्षानुवर्षं तसंच जात राहतं, कुणी बदलायच्या फंदात पडत नाही. म्हणून मी इतकी अडून बसले होते. शेवटी पाणीपुरवठा विभागातल्या एका ज्येष्ठ वायरमनकाकांनी, ते सही घ्यायला आले होते, दोन्ही कागद वाचले आणि माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, “हे पाठवा साहेब. ते दुसरं मला पण दोनदा वाचावं लागलं.”

टेम्प्लेट काल नोंदणीला गेलं. ‘भरून ठेवा’ राहिलंय. ‘बंद’वर अजून एक सही बाकी आहे, सोमवारी पुन्हा जाणार आहे.