पिकदाणी

आईवडिलांना सुट्टीवर पाठवायचं म्हणजे त्यांना गृहपाठ द्यायचा, असा माझ्या लेकीचा समज आहे. ती मिलानला नोकरीला असते. ऑक्टोबरात आम्ही तिच्याकडे गेलो, तर तिने तीन दिवस लाड केले आणि चौथ्या दिवशी भाड्याच्या गाडीची किल्ली हातात देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली : 'लांगेच्या टेकड्यांवर करायच्या गोष्टी.' एकूण अकरा. लांगे म्हणजे इटलीच्या वायव्येकडचा, आल्बा गावाभोवतीचा द्राक्षांचा मुलूख. बारोलो आणि बार्बारेस्को या जगभर नाव काढलेल्या वाइन इथल्याच. २०१४ साली युनेस्कोने या मळ्यांना जागतिक वारसा ठरवलं. अकरापैकी सहा गोष्टींच्या शेवटी 'चाखणे' हे क्रियापद होतं आणि यादीच्या तळाशी ताकीद होती, 'बाबा, गाडी तुम्हीच चालवायची. तेव्हा जपून.'

म्हणजे लग्नाला न्यायचं, पण पंगतीत बसवायचं नाही.

आम्ही चौघं. मी, बायको, बायकोचे थोरले भाऊ म्हणजे भाऊसाहेब, आणि वहिनी. भाऊसाहेबांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी ऐन भरात असताना ती मुलावर टाकून हा माणूस परदेशी आला, हाच मुळात चमत्कार. पण देह इथे आणि जीव बागेत. दर दोन तासांनी मुलाला व्हिडिओ कॉल. त्यात परवा दिवाळीची साफसफाई निघाली होती, तर माळ्यावरच्या जुन्या भांड्यांपैकी काय ठेवायचं आणि काय मोडीत घालायचं, याचाही निकाल ते मिलानच्या ट्राममधून उभ्या उभ्या देत होते.

भाऊसाहेबांना साखर आहे. घरातून निघताना वहिनींनी देवापुढे शपथ घातली होती : परदेशात वाइनचा एक घोट पोटात जाता कामा नये. तंबाखूबद्दल शपथ नव्हती. ती घालून उपयोग नाही, हे तीस वर्षांच्या संसारात वहिनींना कळून चुकलेलं.

गाडीबद्दल फार सांगत नाही. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे गिअर टाकायला गेलो की डावा हात दारावर आपटायचा. इंडिकेटरची दांडी आपल्या उलट्या बाजूला, त्यामुळे वळायचं म्हटलं की वायपर फिरायचे. लांगेत सरळ रस्ता असा नाहीच. टेकडीला जिलबी घातल्यासारखी वळणं आणि प्रत्येक शेंड्यावर एक गाव, एक किल्ला, एक घंटाघर. लख्ख उन्हात दर वळणाला वायपर फिरवत आम्ही चाललो होतो. मागचे लोक बहुधा आम्हाला हवामान खात्याची गाडी समजत असावेत.

यादीतली पहिली गोष्ट, 'आल्बात पांढरं ट्रफल खाणे.' ट्रफल म्हणजे जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढणारी बुरशी, दिसायला मातीतून काढलेल्या वाकड्यातिकड्या बटाट्यासारखी. ती हुंगून शोधायला कुत्री शिकवून तयार करतात, आणि जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून शोधणारे रात्री अंधारात निघतात. शरद ऋतूत आल्बात तिची जत्राच भरते. मंडपात शिरल्या शिरल्या वहिनी थबकल्या. "अहो, गॅस सुरू राहिलाय का कुणाचा?" अगदी तस्साच वास! लसूण आणि गॅस सिलेंडर यांचं लग्न लावलं तर जे अपत्य होईल, ते पांढरं ट्रफल.

हॉटेलात ते ताजारीन नावाच्या बारीक शेवयांवर किसून देतात. या शेवयांच्या एक किलो पिठाला तीस-चाळीस अंड्यांचे बलक लागतात म्हटल्यावर वहिनी बाद झाल्या आणि पर्समधून धपाटं काढून बसल्या. वेटर एका बशीत ट्रफल आणि दुसऱ्या हातात सोन्याचांदीच्या दुकानातला शोभेल असा नाजूक काटा घेऊन आला. आधी वजन. मग किसायचं. मग पुन्हा वजन. जेवढं कमी भरेल तेवढ्याचे पैसे. त्या दिवशीचा भाव ग्रॅमला चार युरो.

माझ्या शेवयांवर तीन पापुद्रे पडताच मी पंजा आडवा धरला. मग तो भाऊसाहेबांकडे वळला. आता इथे दोन संस्कृतींची टक्कर झाली, ती नीट समजून घ्या. तिकडची रीत अशी, की गिऱ्हाईक 'बास्ता' म्हणेपर्यंत किसायचं. आपली रीत अशी, की यजमान वाढतोय तोवर पाहुण्याने मान खाली घालून बसायचं, मध्येच हात आडवा धरला तर अन्नाचा आणि घराचा अपमान. वेटर किसत होता आणि भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघत होता. भाऊसाहेब कौतुकाने ताटाकडे बघत होते. शेवया दिसेनाशा झाल्या. मी टेबलाखालून पाय मारला, तो बायकोला लागला. वेटर क्षणभर थांबला, तर भाऊसाहेब उदारपणे म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

एकोणीस ग्रॅम भरलं. शहात्तर युरो. म्हणजे रुपयांत सात हजारांच्या वर, आणि शेवयांचे पैसे वेगळे.

"चांगली माणसं आहेत," बाहेर पडताना भाऊसाहेब म्हणाले. "वाढताना हात आखडता नाही."

दुसऱ्या दिवशी 'मोठ्या बाकावर बसणे' झालं. क्रिस बँगल या अमेरिकन मोटार डिझायनरने २०१० साली इथल्या क्लावेझाना गावात माणसापेक्षा कितीतरी मोठा बाक बांधला. त्यावर चढून बसलं की पाय लोंबकळतात आणि आपण पाच वर्षांचे होतो, अशी कल्पना. आता असे रंगीबेरंगी बाक टेकडीटेकडीवर आहेत. आम्ही पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते, म्हणजे गावातल्या सगळ्या हॉटेलांचे स्वयंपाकघर बंद; आता साडेसातशिवाय चूल पेटणार नव्हती. तेव्हा चौघांनी बाकावर चढून धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चढताना जमलं. उतरताना वहिनींचा धीर सुटला. त्यांना खाली घेण्याचे जे फोटो बायकोने काढले, ते मी लेकीला पाठवले आणि यादीतल्या त्या ओळीवर खूण करून टाकली.

कॉर्कस्क्रूचं संग्रहालयही पाहिलं. बाटलीचं बूच काढायला माणसाने किती डोकं चालवलं आहे, हे पाहून मन भरून येतं. दहा मिनिटांत.

तिसऱ्या दिवशी पहाटे भाऊसाहेबांनी मला गदागदा हलवलं. आम्ही एका शेतकऱ्याच्या मळ्यातल्याच घरात उतरलो होतो. "दाजी, उठा. वाटोळं झालं. धुकं पडलंय."

खिडकीतून पाहिलं तर खरंच, खालची सगळी दरी दुधाने भरल्यासारखी, आणि वर टेकड्यांचे फक्त शेंडे. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं, पण बागायतदाराला धुकं म्हणजे द्राक्षावर रोग, तेव्हा तसं म्हणायची सोय नव्हती. माकडटोपी चढवून भाऊसाहेब केव्हाच मळ्यात शिरले होते. मी मागे मागे गेलो. ते एकेक पान उलटं करून खालच्या बाजूला बघत होते, आजारी माणसाची जीभ बघावी तसं. घरमालक आजोबा बुटांचा चिखल झाडत आले आणि हसून दरीकडे हात केला, "नेब्ब्या!" त्यांच्या सूनबाईंना इंग्रजी येत होतं. त्यांनी सांगितलं, नेब्ब्या म्हणजे धुकं, आणि त्यावरूनच बारोलोच्या द्राक्षाचं नाव नेब्ब्योलो. उशिरा, धुक्याच्या दिवसांत पिकतं म्हणून, असं म्हणतात.

भाऊसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. "जे धुकं पडलं म्हणून आपण रात्री दोनला उठून फवारणीचा ब्लोअर जुंपतो, त्याच्या नावावरून यांनी पोराचं बारसं केलं?"

मग त्यांना हवं ते पान सापडलं. खालच्या बाजूला पांढरट बुरा, म्हणजे रोग पडलेला. त्यांनी ते आजोबांच्या नाकापुढे धरलं, "डाऊनी!" आजोबांनी चष्मा वर केला, पान बोटांत फिरवलं आणि खिन्नपणे म्हणाले, "पेरोनोस्पोरा." दोघांनी एकाच वेळी माना हलवल्या. भाऊसाहेबांनी पाठीवर पंप अडकवल्याचा अभिनय करून विचारलं, "बोर्डो?" आजोबांचा चेहरा उजळला. "सी, सी! बोर्दोलेझे!" आणि त्यांनी शेडमध्ये नेऊन मोरचुदाने निळा पडलेला पिंप दाखवला. भाऊसाहेबांनी त्या पिंपावर असा हात फिरवला, जसा आपण पंढरपुरात कुणी गावचा भेटला की त्याच्या पाठीवर फिरवतो. मोरचूद आणि चुना. सुनेची गरजच उरली नाही.

तिला बोलावलं ते हिशेबासाठी. बारोलोच्या नियमात हेक्टरी आठ टनांपेक्षा जास्त माल घेता येत नाही. भाऊसाहेबांनी मनातल्या मनात भागाकार केला. "एकरी सव्वातीन टन? आमच्याकडं दहा निघाले तरी माणूस कपाळाला हात लावतो." उन्हाळ्यात चांगले घड मुद्दाम कापून जमिनीवर टाकतात, हे ऐकून त्यांनी खिशातली पुडी काढली. वाइन किमान अडतीस महिने मुरवायची, त्यातले अठरा लाकडाच्या पिंपात, हे ऐकून तंबाखू मळता मळता थांबले. "तीन वर्षं माल घरात? मग सोसायटीचा हप्ता कशानं भरतात?" त्यांना आजोबांची मनापासून दया आली. कर्जमाफी मिळते का, हे विचारायला त्यांनी मला लावलं. मी ते विचारलं नाही, जमिनीचा भाव विचारला. सूनबाई म्हणाल्या, बारोलोतली चांगली जमीन हेक्टरी दहा लाख युरोच्या वर जाते.

भाऊसाहेब बांधावर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दाजी, हे घरी पोरापुढं काढू नका."

दुपारी आजोबांच्या तळघरात चाखणे. यादीतला सहावा आणि शेवटचा. आधीच्या पाच ठिकाणी मी 'नो, ड्रायव्हिंग' म्हणून पाणी पीत बसलो होतो, पण आजोबांनी ऐकलं नाही. त्यांनी टेबलाच्या मध्यभागी एक चकचकीत उंच भांडं ठेवलं आणि खूण करून दाखवली : घ्या, घोळवा आणि यात थुंका. गाडी चालवणाऱ्यांची, शिवाय दिवसाला पन्नास वाइन चाखणाऱ्या जाणकारांची हीच रीत.

मला घाम फुटला. माझा सगळा जन्म 'येथे थुंकू नये' या पाटीच्या छायेत गेला आहे. लहानपणी खिडकीतून थुंकलो म्हणून आजीने पाठीत धपाटा घातला होता, तो खायच्या धपाट्यापेक्षा जास्त लक्षात आहे. आणि इथे एक सत्तरीचा सद्गृहस्थ पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, पाहुण्यांच्या समोर, मला थुंकायचा आग्रह करत होता!

घोट घेतला. बारोलो जिभेला कच्च्या आवळ्यासारखी आवळून धरते, तोंडातलं सगळं पाणी ओढून घेते. घोळवली. वाकलो. ओठांचा चंबू केला. एक लाल ओघळ हनुवटीवरून, शर्टाच्या दोन बटणांवरून खाली गेला. उरलेलं घाबरून गिळलं. बायकोने दुसरीकडे पाहिलं. आजोबा दयाळूपणे म्हणाले, "पियानो, पियानो," म्हणजे सावकाश.

"बघू," भाऊसाहेब म्हणाले.

वहिनींनी डोळे वटारले. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "शपथ पोटात जाण्याची होती. हे पोटात कुठं जातंय?" वकील व्हायचा माणूस बागायतदार झाला, दुसरं काय! त्यांनी ग्लास उचलला, घोट या गालातून त्या गालात नेला, डोळे मिटले. मग टेबलापासून चांगला हातभर लांब राहून, मान जराशी तिरकी करून त्यांनी सोडली. बारीक, गोल, अखंड धार. हवेतून कमान घेत भांड्याच्या बरोबर मध्यात पडली. कडेला थेंब नाही. टेबलक्लॉथवर थेंब नाही. मिशीला थेंब नाही.

तळघरात शांतता पसरली. आजोबांनी हातातली बाटली खाली ठेवली. "प्रोफेस्योनिस्ता!" ते म्हणाले. आणि आतून मुलाला हाक मारून बोलावलं, पुन्हा दाखवा म्हणून.

भाऊसाहेबांनी दाखवलं. चार वेळा. त्या चाळीस वर्षांच्या तंबाखूवर आमच्या अख्ख्या घराण्याने केलेली भाषणं मला एकामागून एक आठवत होती. सूनबाईंनी विचारलं, हे कोणत्या संस्थेत शिकले? वहिनी म्हणाल्या, "सांगा तिला, निफाड एसटी स्टँड."

आजोबांनी मग आठ वर्षं जुनी एक बाटली काढली, यादीत नसलेली, आणि ती फक्त भाऊसाहेबांना दिली. त्यांचं मत विचारलं. भाऊसाहेबांनी घोळवून, धार सोडून गंभीरपणे सांगितलं, "डांबराचा वास येतोय. आणि गुलाबाचा." मला वाटलं, आता इथून हाकलून देणार. पण सूनबाईंनी भाषांतर करताच आजोबांनी त्यांना मिठीच मारली. बारोलोची ओळखच म्हणे तीच, डांबर आणि गुलाब. माझ्याकडे बघून मात्र आजोबांनी कागदी रुमालांचा अख्खा गठ्ठा पुढे सरकवला.

रात्री मी न्हाणीघराचं दार लावून बेसिनमध्ये पाण्याच्या चुळांवर सराव करत होतो. दहातली एक जमत होती, तीही आरशावर. भिंतीपलीकडून भाऊसाहेबांचा व्हिडिओ कॉल ऐकू येत होता. नेहमीचंच, छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावली का, मजूर किती आले, वेलींचे डोळे फुगले का. मग मध्येच आवाज जरा खाली आला.

"बरं, ऐक. माळ्यावर पणजोबांची पितळी पिकदाणी आहे बघ. तीच, मोडीत घाल म्हणून मी परवा बोललो होतो... दिली नाहीस ना रे अजून?"