कॅट जितका लहान, तितका बरा

‘स्ले द स्पायर’ या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये जिंकणे बव्हंशी नशिबावर असते, हे त्यावरील एका लेखातील विधान मला पटले नाही. २०१९ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या या खेळाचे बलस्थान नेमके हेच आहे की, शत्रू वार करणार असेल तर तो किती जबर असेल, हे त्याच्या डोक्यावर आकड्यात आधीच दिसते. त्यामुळे हातातल्या पाच पत्त्यांपैकी कोणते हल्ल्याला आणि कोणते बचावाला वापरायचे, हा बराचसा हिशेबाचा प्रश्न उरतो.

‘आयर्नक्लॅड’ हा योद्धा अवघ्या १० पत्त्यांनिशी निघतो. नवखा खेळाडू प्रत्येक लढाईनंतर पुढे येणारा पत्ता हावरटासारखा उचलत जातो (मीही तेच केले), आणि पत्त्यांचा कॅट तिशीपलीकडे फुगला की कामाचा पत्ता वेळेवर हाती लागत नाही. खेळातल्या दुकानात ७५ सुवर्णमुद्रा मोजून ‘स्ट्राइक’ हा हल्ल्याचा साधा पत्ता कॅटमधून काढून टाकणे हाही फायद्याचा सौदा असतो, हे उमगायला मला बरेच दिवस लागले.

चित्रे बेताची आहेत आणि कथा नावापुरती. त्याचे मला फारसे वाटत नाही. खटकतो तो तिसऱ्या टप्प्याचा शेवट. तिथे ‘टाइम ईटर’ वाट्याला आला, तर आपण १२ पत्ते खेळताच तो आपली फेरी तिथल्या तिथे संपवतो आणि स्वतः अधिक बळकट होतो. हा शत्रू त्या टप्प्याच्या नकाशावर सुरुवातीलाच दिसतो खरा, पण तोवर कमी ऊर्जेचे पत्ते भराभर खेळण्यावर बेतलेला कॅट जवळपास बांधून झालेला असतो.