परतावा लिटरवर, मासा दैवावर

आमचा कट्टा खरा भरतो पावसाळ्यात. मालवणच्या धक्क्याजवळ एक चहाची टपरी आहे, तिच्या पत्र्याखाली. इतर वेळी आमच्यातले दोघे दर्यात असतात, त्यामुळे कोरम होत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढून झावळांनी शाकारलेल्या, आणि माणसांना वेळच वेळ. बोलणं सगळं मालवणीतच झालं. इथे प्रमाण मराठीत लिहितोय, फक्त बाबल्याचं, आमच्यातल्या छोट्या होडीवाल्याचं, आहे तसंच ठेवलंय. त्याचं बोलणं प्रमाणात आणलं की धार जाते.

काडी पक्याने टाकली. पक्या आमच्याच शाळेतला, आता पुण्यात सीए. वर्षातून दोनदा येतो आणि आल्यावर आम्हाला आमचाच समुद्र समजावून सांगतो.

“सरकारने मासेमारीला पैसे देणं बंद केलं पाहिजे,” तो म्हणाला. “२०१८ साली जगभरातल्या सरकारांनी मिळून मासेमारीवर साडेतीन हजार कोटी डॉलर ओतले. त्यातले बावीसशे कोटी अशा गोष्टींवर की ज्याने बोटी वाढतात, इंजिनं मोठी होतात, डिझेल स्वस्त पडतं. म्हणजे लोकांच्या पैशाने समुद्र रिकामा करायचा, आणि मग लोकांच्याच पैशाने त्याचं संवर्धन करायचं!”

“त्यात भारताचे किती?” सुहासने विचारलं. सुहासचा ट्रॉलर आहे, समुद्रात जाळं ओढत नेणारी मोठी बोट. माणूस शांत, पण डिझेलचा विषय निघाला की कान टवकारतो.

“सगळ्यात पुढे चीन.”

“मग चीनला जाऊन सांग.”

पक्या गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याने जागतिक व्यापार संघटनेचा करार काढला. १७ जून २०२२ ला जिनिव्हात मंजूर झालेला, १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू. बेकायदा मासेमारीला आणि आधीच अति उपसलेल्या साठ्यांना अनुदान नाही. खरा तिढा होता क्षमता वाढवणाऱ्या, म्हणजे बोटी-इंजिनं वाढवणाऱ्या अनुदानांचा, आणि तो भाग या करारात आलाच नाही. भारत म्हणत होता, आम्हाला २५ वर्षांची सवलत द्या, आम्ही मच्छीमाराला वर्षाला जेमतेम पंधरा डॉलर देतो, युरोपातले देश हजारो देतात.

“पंधरा डॉलर म्हणजे किती रे?” बाबल्याने विचारलं.

“तेरा-चौदाशे रुपये.”

“शिरा पडो! माका कोणी दिल्यान नाय.”

हसण्यात दोन मिनिटं गेली. पण बाबल्याच्या त्या एका वाक्यात सगळा वाद होता, हे मला घरी गेल्यावर कळलं.

नंदू मच्छीमार सोसायटीत कारकून. त्याच्या टेबलावरून डिझेल परताव्याचे कागद जातात, म्हणून कट्ट्यावर त्याचा शब्द शेवटचा. त्याने सावकाश फोड करून सांगितलं. राज्य सरकार यांत्रिक नौकांना डिझेलवरचा विक्रीकर परत करतं, तो सोसायटीमार्फत. आधी पूर्ण भावाने डिझेल भरायचं, बिलं जमा करायची, मग वाट बघायची. कोटा ठरलेला असतो, पण मोठं इंजिन तर मोठा कोटा. सुहासचा ट्रॉलर पाच दिवसांच्या एका फेरीला चार-पाच बॅरल पितो. बाबल्याची होडी कांडाळं, म्हणजे पाण्यात उभी राहणारी जाळी, टाकून सकाळी परत येते ती चार-पाच लिटरात.

“माका सांग,” बाबल्या सुहासकडे वळला, “तू डिझेल किती जाळलंस, ह्यावर पैसे मिळतत. दर्यात मासो किती ठेवलंस, ह्यावर मिळतत काय?”

सुहास चिडला नाही. मला वाटलं होतं, चिडेल. तो म्हणाला, “परतावा थकला की काय होतं ते तुला दिसत नाही. दोन फेऱ्यांचे पैसे अडकले की मी जास्त दिवस बाहेर राहतो, जाळ्याची खोळ बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची लावतो. चौकोनी चाळीस मिलिमीटर आस लावायचा नियम मला माहीत नाही का? पण खलाशांना आगाऊ रक्कम देऊन बसलोय. रिकामी बोट धक्क्याला लावून त्यांना काय सांगू?”

पक्याने तेवढ्यात प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना काढली. २०२० सालची, पाच वर्षांसाठी २०,०५० कोटींची. “या योजनेचं उद्दिष्टच उत्पादन २२० लाख टनांवर न्यायचं. टन मोजणारी योजना संवर्धन कशी करेल?”

इथे नंदूने त्याला बरोबर अडवलं. त्या टनांत तळ्यातले मासे आणि कोळंबीचे प्रकल्पही येतात, सगळा भार समुद्रावर नाही. आणि याच योजनेत ट्रॉलच्या जाळ्यात कासव सुटायला लावतात ती चौकट शंभर टक्के सरकारी पैशाने मिळते, साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. ही दया कासवांची म्हणून आलेली नाही. २०१९ पासून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं, कारण आपल्या जाळ्यांना ही चौकट नव्हती. तेव्हा जाग आली.

त्याच योजनेतली खोल समुद्रात जाणारी बोटही निघाली. किंमत एक कोटी वीस लाख, चाळीस टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना साठ. हेतू चांगला, किनाऱ्याजवळची गर्दी कमी व्हावी.

“आणि उरलेले पैसे माझो बापूस देतलो?” बाबल्या.

मग त्याने बंदीच्या दोन महिन्यांचा विषय काढला, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त वेळ तिथेच बोलायला हवं होतं. याच योजनेत मागास पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना बंदीच्या किंवा मंदीच्या काळात मदत आहे. तीन महिन्यांचे मिळून साडेचार हजार. त्यातले तीन हजार सरकारचे, दीड हजार त्याने स्वतः आधी भरलेले. सरकारचे दिवसाला तेहतीस रुपये पडतात. आमच्यासमोर चहाचे पाच ग्लास होते, भज्यांची एक प्लेट होती. कोणी हिशेब केला नाही, पण सगळ्यांनी प्लेटीकडे बघितलं.

मासा विणीला येतो तेव्हा त्याला सोडायचं, याहून सरळ संवर्धन दुसरं नाही. आणि त्यालाच सगळ्यात कमी पैसे. माझं मत मी तिथेच सांगितलं: परतावा बंद करू नका, वेळेवर द्या, पण ठरावीक लिटरच्या वर नको. त्यातून वाचेल ते बंदीच्या महिन्यांत घाला. सुहास म्हणाला, तू नोकरदार, तुला बोलायला काय. ते बरोबरच आहे.

दुसरं एक उदाहरण मात्र मी सोडलं नाही. डिसेंबर २०१८ पासून राज्यात मत्स्यविभाग आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाची योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि तुम्ही जाळं कापून त्याला सोडलंत, तर नुकसानभरपाई मिळते, जास्तीत जास्त २५ हजार. बाबल्याने हे केलंय. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, एका हाताने कासवाच्या पुढच्या पायाभोवतीचा दोरा धरलेला, दुसऱ्या हातात कोयती, आणि पोराला ओरडून सांगतोय, फोटो काढ. पहिला फोटो आला त्यात फक्त बाबल्याची टोपी. कासव पाण्यात गेलं तेव्हा पोराने व्हिडिओ सुरू केला. अर्जाबरोबर नौकेचे कागद, परवाना, पासबुकची झेरॉक्स. कागद दोनदा परत आले, एकदा सही निळ्या शाईत नव्हती म्हणून. शेवटी पैसे जमा झाले.

“मी जाळा कापलंय तेव्हा पैसे मिळतले म्हणान कापूक नाय,” बाबल्या म्हणाला. “पण पैसे इले तेव्हा बायलेक सांगूक तोंड झाला.”

हे वाक्य मला सरकारी अहवालात कुठे सापडेल असं वाटत नाही.

पक्याने शेवटी कायदा काढला, पैसे कशाला, दंड करा म्हणून. दंड आहेच. एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये कायदा कडक केला, एलईडीला पाच ते वीस लाख. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही उडतात. “रातीची इजयेची माळ दिसता ना, ती बघूक ड्रोन कशाक व्हयो?” बाबल्याने अंधारात दर्याकडे हात केला. बंदीत दिवे कुठले असणार, पण तो हात तसाच राहिला थोडा वेळ.

मग सरंग्यावर, म्हणजे पापलेटवर आलो. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ जातींची किमान लांबी ठरली. पापलेटला १३५ मिलिमीटर. नंदूने वीत टेबलावर टेकवून दाखवलं, अर्ध्या वितीहून थोडं जास्त. मी गप्प. मार्चमध्ये याच बाजारातून मी तळहातात मावतील असे सहा सरंगे आणले होते, स्वस्त मिळाले म्हणून. तळून छान लागतात. पकडणाऱ्याला नियम आहे, विकणारीला काही प्रमाणात आहे, माझ्या पिशवीला कुणी विचारत नाही.

पाऊस तिरका यायला लागला तसे आम्ही आत सरकलो. चहाचे पैसे सुहासने दिले. छत्री उघडता उघडता त्याने नंदूला हळूच विचारलं, “तो कासवाचा फॉर्म ट्रॉलरला चालतो का रे?”

“चालतो. पण ती चौकट बसवलीस तर फॉर्मच लागायचा नाही. फुकट आहे.”

“तिच्यातून कोळंबी पण निसटते म्हणतात.”

“कोण म्हणता?” बाबल्या मागून ओरडला. “कोळंबी?”