पीयूसी निघाली म्हणून बदललेले इंजिन कायदेशीर ठरत नाही

जुन्या गाड्यांची हौस असलेल्या मंडळींमध्ये सध्या एक संदेश हिरिरीने पुढे पाठवला जात आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: जुन्या जीपमध्ये किंवा जिप्सीत हवे ते इंजिन बसवावे, पीयूसी केंद्रावर प्रमाणपत्र मिळाले की ते इंजिन सरकारने मान्य केले असेच समजावे, आरटीओला चौदा दिवसांत कळवले की काम संपले, बीएस-६ (भारत स्टेज ६, वाहनांच्या धुराचे सरकारी मानक) इंजिन घातल्यास गाडीही बीएस-६ होते, आणि इंजिन नंबर तसाही कोणी पाहत नाही. या भरवशावर लोक घाम गाळून साठवलेले पैसे गॅरेजवाल्याच्या हाती ठेवतात, म्हणून यातले प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान पीयूसीचे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार होणारी ही तपासणी मर्यादित आहे. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून इंजिन जागेवर चालू असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. डिझेल गाडीत अॅक्सिलरेटर जोरात दाबून धुराची घनता पाहिली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. गाडीत मूळचेच इंजिन आहे की दुसरे, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही, कारण ते त्या केंद्राचे कामच नव्हे. शिवाय गाडीचा नंबर टाकल्यावर चाचणीची मर्यादा ठरते ती नोंदणीतील इंधन आणि मानकानुसार. समजा, पेट्रोल म्हणून नोंदलेल्या जुन्या जिप्सीत डिझेल इंजिन बसवले आहे. जागेवर चालणारे डिझेल इंजिन मुळातच कार्बन मोनॉक्साइड फार कमी सोडते, त्यामुळे पेट्रोलच्या निकषांवर ती गाडी सहज उत्तीर्ण होऊ शकते, आणि डिझेल इंजिनाबाबत जी खरी काळजी, म्हणजे त्याचा धूर, तो मोजलाच जात नाही. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांत हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा लॅम्ब्डाही पाहिला जातो, तेथे हे उघडे पडते. जुन्या गाड्यांत तो निकष नाही. अशा प्रमाणपत्राला मान्यता म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

दुसरे विधान चौदा दिवसांचे. येथे संदेश लिहिणाऱ्याने कायदा अर्धाच वाचलेला दिसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे पहिले पोटकलम सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. दुसऱ्या पोटकलमात आरटीओच्या परवानगीविना इंजिन बदलण्याची सवलत आहे, पण ती किमान दहा परिवहन (म्हणजे व्यावसायिक वाहतुकीची) वाहने असलेल्या मालकाला, राज्य शासनाने तशी अधिसूचना काढल्यास, आणि त्याच बनावटीच्या व त्याच प्रकारच्या इंजिनापुरती. चौदा दिवसांत कळवण्याची तरतूद त्यानंतर येते. कळवणे हे कर्तव्य आहे. आधी केलेला निषिद्ध बदल त्याने वैध होत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात उत्पादकाचा मूळ तपशील बदलता येणार नाही, हाच अर्थ स्पष्ट केला. गाडी भाडेखरेदीच्या (हायर-पर्चेस) करारावर घेतलेली असेल, तर नोंदणीकृत मालकाची लेखी संमतीही लागते. संदेशात हेही नाही.

तरीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन आरटीओच्या पूर्वपरवानगीने बसवणे आणि नवा नंबर नोंदवून घेणे हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी इंजिनाचे पक्के बिल हवे. भंगारातून उचललेल्या, मूळ मालक ठाऊक नसलेल्या इंजिनावर तो मार्ग अडतो, आणि अडलाच पाहिजे, कारण ते इंजिन चोरीच्या गाडीचेही असू शकते.

बीएस-६ चे विधान ऐकायला सर्वांत गोड आणि तितकेच चुकीचे आहे. ते मानक सुट्या इंजिनाला चिकटलेले नसते. वजन, गिअरचे प्रमाण, उत्प्रेरक, डिझेलमधील कणगाळणी, सेन्सर, संगणक आणि बिघाड ओळखणारी यंत्रणा अशा संपूर्ण गाडीची प्रयोगशाळेत चाचणी होऊन ते मिळते. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, ती बीएस-६ मध्ये ८० झाली, आणि ही घट इंजिनाइतकीच त्यामागच्या शुद्धीकरण यंत्रणेतून साधली जाते. गॅरेजमध्ये इंजिन बसवताना जागा नाही म्हणून तीच यंत्रणा काढून टाकली, तर उरते काय? नोंदणीतले मानकही बदलत नाही.

‘कोणी पाहत नाही’ हे विधान पासिंगपर्यंतच टिकते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा निरीक्षक चासी आणि इंजिनाचे नंबर कागदाशी ताडून पाहतो. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर तेच करतो, कारण पॉलिसीवरही इंजिन नंबर छापलेला असतो. कलम १८२अ नुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

ज्यांना इंधनच बदलायचे आहे त्यांच्यासाठी कायद्याने दार बंद केलेले नाही. सीएनजी आणि एलपीजीची मान्यताप्राप्त किट आहेत. २०२२ च्या अधिसूचनेने साडेतीन टनांखालील बीएस-६ डिझेल वाहनात सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्याचीही सोय केली. विजेवर रूपांतर करण्याच्या किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा किटची चाचणी करून प्रमाणपत्र देतात. तेव्हा गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी आपल्या मॉडेलचे नाव असलेले ते प्रमाणपत्र मागावे, त्याची प्रत घेऊन आरटीओत लेखी परवानगीचा अर्ज करावा, आणि परवानगी हाती येईपर्यंत मूळ इंजिन गाडीतून उतरवू देऊ नये.