संगणक पोहोचला म्हणजे दवाखाना तयार झाला?

हल्ली एक दावा सगळीकडे फिरतोय: सरकारी दवाखान्याला संगणक, इंटरनेट आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं की रुग्णांच्या नोंदी लगेच डिजिटल होतात, अडतं ते फक्त कर्मचाऱ्यांच्या मानसिकतेमुळे. एकेक विधान बघू.

‘कर्मचाऱ्यांनाच बदल नको असतो.’ आधी हिशेब मांडा. चार तासांच्या ओपीडीत एका डॉक्टरकडे १२० रुग्ण, म्हणजे माणशी दोन मिनिटं. नोंदीपायी प्रत्येकामागे एक मिनिट वाढलं तरी ओपीडी दोन तास लांबते. वर ‘रजिस्टरही चालू ठेवा’ असा आदेश असतोच. तीच माहिती दोनदा लिहून नर्स वैतागली, तर दोष तिचा कसा? सुरुवातीला नोंदणी आणि औषधवाटप एवढंच संगणकावर घ्यावं. रजिस्टर कधी थांबणार तेही लेखी ठरवावं: उदाहरणार्थ, सलग दोन महिने दोन्हीकडचे मासिक आकडे जुळले की बंद.

‘इंटरनेट आहे, मग काय अडचण?’ ते गेल्यावर अडचण सुरू होते. यूपीएसला संगणक जोडतात आणि राउटर मात्र साध्या सॉकेटवर राहतो. वीज गेली की स्क्रीन चालू, जोडणी बंद. शिवाय ६०० व्हीए क्षमतेचा छोटा यूपीएस एका डेस्कटॉपला साधारण १०-१५ मिनिटं पुरतो, तेही बॅटरी नवी असेल तर. ओपीडी चालवायला लॅपटॉप किंवा इन्व्हर्टरच हवा.

पण खरी गुंतागुंत केसपेपरच्या क्रमांकात आहे. जोडणी नसताना दोन खिडक्यांनी आपापल्या मशीनवर ‘पुढचा क्रमांक’ दिला, तर ४५१२ दोघांना जातो. जोडणी परत आली की एकाचा रक्तदाब दुसऱ्याच्या नावावर चढू शकतो. त्यामुळे प्रत्येक खिडकीला क्रमांकांचा वेगळा संच आधीच द्यावा आणि क्रमांकाच्या शेवटी पडताळा अंक ठेवावा, म्हणजे बाकीच्या आकड्यांवरून सूत्राने काढलेला आणि टाइप करतानाची चूक दाखवणारा अंक. लुन नावाच्या सूत्राने काढलेला अंक एक आकडा चुकला तर हमखास पकडतो. शेजारचे दोन आकडे उलटले तरी पकडतो, फक्त ०९ आणि ९० ची अदलाबदल निसटते. रुग्णनोंदींच्या ओपनएमआरएस या मुक्त प्रणालीत याच जातीचा पडताळा वापरतात.

‘नाव टाकलं की जुनी नोंद सापडते.’ स्पेलिंग तेच असेल तर! मग जन्मतारखेवरून शोधावं, तर ती माहीत नसली की १ जानेवारी टाकतात, आणि काही महिन्यांत अर्धा दवाखाना १ जानेवारीचा होतो. ‘अंदाजे वय’ हा वेगळा रकाना द्या.

‘कागदापेक्षा संगणक सुरक्षित.’ सकाळी एकाने केलेलं लॉगिन संध्याकाळपर्यंत सगळे वापरत असतील, तर चुकीचा डोस कोणी नोंदवला हे कळायला मार्ग नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतली कितीतरी रुग्णालयं अडवली, तेव्हा तो ज्या त्रुटीतून शिरला तिच्यावरचं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच निघालेलं होतं. बॅकअपचंही तसंच: महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला नसेल, तर तो आहे असं धरू नये.

‘दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरतं.’ बटणं कळायला पुरतं. यंत्रणा बंद पडल्यावर काय करायचं, याचा सराव त्यात क्वचितच असतो. त्या वेळेसाठी प्रत्येक टेबलावर एकपानी छापील फॉर्म हवेत, ते नंतर संगणकात कोण भरणार हे नावानिशी ठरलेलं हवं आणि फॉर्मवर तपासणीची वेळ लिहायला जागा हवी. नाहीतर सकाळचा ताप नोंदीत संध्याकाळी सहाचा दिसतो.