सहा ऑटोमन आणि एक बंब

गिरगावातली आमची चाळ पाडणार, हे मी चौथीत असल्यापासून ऐकत आलोय. त्या भरवशावर आमच्याकडे दोन पिढ्यांनी भिंतींना रंग लावला नाही. त्यामुळे यंदा जिन्याखाली खरीखुरी नोटीस लागली, तेव्हा पहिले चार दिवस लोक तिच्याकडे गणपतीच्या वर्गणीची यादी असल्यासारखे बघत होते. वाचायची, मान हलवायची आणि पुढे जायचं. पाचव्या दिवशी बिल्डरचा माणूस भाड्याचे चेक घेऊन आला आणि चाळ जागी झाली.

आम्हाला दहिसरला भाड्याची जागा मिळाली. प्रश्न होता सामानाचा. माझ्या लहानपणी असं काही निघालं की वडील नाक्यावर जायचे आणि टेंपोवाल्याला सांगायचे, "एक बिऱ्हाड आहे." तेवढ्यात तो समजायचा. बिऱ्हाड या शब्दात पाण्याच्या पिंपापासून आजीपर्यंत सगळं बसतं. पण मुलगी म्हणाली, "बाबा, नाक्यावर कसले जाताय, ॲप आहे. सगळ्या वस्तूंची यादी भरायची, त्यावरून ते ट्रक ठरवतात. विमा पण असतो. फक्त यादीत जे नाही ते फुटलं तर पैसे मिळत नाहीत."

यादी इंग्रजीत होती. मला त्याची धास्ती वाटली नाही. एकतीस वर्षं कारकुनी केली, इंग्रजी पत्रांचे ढीग उपसले. पण त्या इंग्रजीत सामान म्हणजे टेबल, खुर्ची आणि कपाट. लाटणं कधी फायलीवर आलंच नाही.

पहिलाच प्रश्न, घर किती बीएचकेचं? यातला एच म्हणजे हॉल. साहेबाच्या घरी हॉल म्हणजे दारातून आत शिरल्यावर छत्री आणि बूट ठेवायची बोळकंडी. आपण त्यात सोफा टाकला, टीव्ही लावला आणि मुलगी बघायला आलेल्यांना तिथेच पोहे दिले. आमच्याकडे तर हॉलही नाही. बाहेरची खोली आणि आतली खोली. ॲपला मात्र प्रत्येक वस्तू कुठल्या खोलीतली ते हवं होतं.

"गादी कुठे टाकू? लिव्हिंग की बेडरूम?" मुलीने विचारलं.

"किती वाजताची?" मी म्हटलं. रात्री अकरानंतर आमची बाहेरची खोली बेडरूम असते, सकाळी सहाला लिव्हिंग रूम, परीक्षेच्या दिवसांत स्टडी आणि सत्यनारायणाला देऊळ.

"बाथरूम किती?"

आमच्याकडे मोरी आहे. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, गुडघाभर कठड्याची. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या माळ्याचे मिळून. मी म्हटलं, अर्धा टाक. ॲप अर्धा घेईना. आई जपमाळ थांबवून म्हणाली, "एक टाक. रोज आंघोळ करते मी, अर्धी नाही करत."

बिल्डरच्या पुस्तिकेतल्या इंग्रजीची तर वेगळीच तऱ्हा. त्यात एक ड्राय बाल्कनी दाखवली आहे. तिथे काय करायचं? तर भांडी घासायची, कपडे धुवायचे. म्हणजे घरातली सगळ्यात ओली जागा. आणि आम्हाला जे मिळणार ते कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट. आईने हे ऐकलं आणि दोन दिवस अस्वस्थ होती. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, आपली सतरंजी जेमतेम सहा बाय चारची. उरलेली बिल्डर देणार आहे का?"

असो. बाहेरच्या खोलीपासून सुरुवात केली. टीपॉय. हा शब्द मी इंग्रजी म्हणून जन्मभर ऐटीत वापरला. ॲपमध्ये तो नव्हताच. मुलीने मोबाइलवर शोधून सांगितलं की याचा चहाशी काही संबंध नाही, हा आपल्याच तिपाईचा अवतार. इथल्या साहेबाने तिपाईची टीपॉय केली, आणि आता साहेब तिला कॉफी टेबल म्हणतो. आमच्या तिपाईला चार पाय आहेत, तिच्यावर चहा क्वचित आणि कॉफी कधीच ठेवलेली नाही. तिच्यावर जुने पेपर असतात आणि त्या पेपरांवर वडिलांचा चष्मा, जो ते गेल्यापासून कोणी हलवलेला नाही. लिहिलं, कॉफी टेबल एक.

मग आईची लोखंडी कॉट. तीही आपलीच निघाली. साहेबाने इथली खाट उचलली, तिची कॉट केली आणि आपण ती कौतुकाने परत घरात घेतली. फक्त साहेबाच्या देशात जाऊन ती आकसली. तिकडे कॉट म्हणजे तान्ह्या बाळाची, चारी बाजूंनी कठडा असलेली खाट. ॲपमध्ये नेमकं तेच चित्र होतं, वर टांगलेल्या अस्वलांसकट. आईने चष्मा लावून ते नीट पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. म्हणाली, "बरी आहे की. रात्री पडायची भीती नाही. हीच घे."

कपाटाला कपबोर्ड. आता कपबोर्ड म्हणजे मुळात कप मांडायची फळी. आमच्या कपाटात आईचे शालू, भाड्याच्या पावत्या आणि डांबरगोळ्या आहेत. कप फळीवर आहेत, पण फळीला ॲप शेल्फ म्हणतं. गोदरेजने कपाटं करायला १९२३ साली सुरुवात केली, आणि आमचं कपाट बघून ते पहिल्याच वर्षीचं असावं असं कोणालाही वाटेल. त्याचं दार उघडताना जो आवाज येतो त्यावर शेजारी घड्याळ लावतात. मुलीने तिथे अल्मायरा लिहिलं. हा शब्द पोर्तुगीज अर्मारिओवरून आलेला.

पोर्तुगीज म्हटले की मला मोरी आठवते. बादली त्यांची, घमेलं त्यांचं, पिंप त्यांचं, कपाटाची चावी त्यांची आणि दाराची बिजागरीसुद्धा. १६६१ च्या लग्नकरारात पोर्तुगालच्या राजाने बहिणीबरोबर मुंबई इंग्रजांना दिली. आंदण म्हणून लोक भांडी देतात. या माणसाने बेटं दिली आणि भांडी आमच्या मोरीत विसरून गेला.

इथवर ठीक चाललं होतं. मग आम्ही आतल्या खोलीत गेलो.

ॲपच्या स्वयंपाकघरात फ्रीज, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि वाइन ग्लासांचा सेट होता. माझ्या बायकोने एका दमात काय काय सांगितलं ते ऐका: पोळपाट, लाटणं, उलथनं, झारा, डाव, किसणी, रवी, सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, खलबत्ता, परात, रोवळी, ताटाळं. मुलगी मान खाली घालून टाइप करत होती. डोकं वर काढून म्हणाली, "बारा वेळा स्पून लिहिलंय."

"सांडशी?"

"टंग्ज."

"तो चिमटा झाला," बायको म्हणाली. "चिमट्याने पापड भाजतात. सांडशीने पातेलं उतरवतात. चिमट्याने पातेलं उतरवून दाखव एकदा."

त्यात आमच्याकडे सांडशी आणि तिच्या माहेरी, साताऱ्याला, पक्कड. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी हा तंटा मिटलेला नाही. इंग्रजीने तरी मिटेल अशी मला आशा होती. मोल्सवर्थसाहेबाचं मला त्या रात्री फार वाटलं. त्याने १८३१ साली याच मुंबईत बसून मराठीचा इंग्रजी कोश काढला. आणि जिथे एक शब्द सापडेना, तिथे वाक्य लिहून मोकळा झाला. त्याच्यापुढे ॲप नव्हतं. ॲपच्या चौकटीत वीस अक्षरं मावतात.

विळी त्या वीस अक्षरांत बसेना. नाइफ म्हटलं तर विळी कोण म्हणेल? सुरी चालते आणि भाजी गप्प पडून राहते. विळी गप्प उभी असते, भाजीच तिच्याकडे चालत जाते. आमची विळी आजीची आहे, सागवानी पाटाची. पाटाला मधोमध एक खोलगट झिलई आली आहे, जिथे तीन बायकांनी सत्तर वर्षं उजवा पाय दाबून ठेवला. पात्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती, तिचे दोन दात पडलेले. हे सगळं बघत मी बराच वेळ बसलो आणि लिहिलं, "बसून वापरायची सुरी". इंग्रजीत. ॲपने ती खुर्च्यांमध्ये टाकली.

पाटा-वरवंटा जड वस्तूंत घातला. मुलगी म्हणाली, जिमच्या सामानात वजनाचा रकाना आहे, तिथे चालेल. मला ते थोडं लागलं. माझ्या बारशाला मला पाळण्यात घालायच्या आधी याच वरवंट्याला कुंची घालून, गोप्या म्हणून, पाळण्यात निजवलं होतं. त्या हिशेबाने तो माझा थोरला भाऊ. थोरल्या भावाला डंबेल म्हणायचं जिवावर आलं, पण रात्रीचे साडेबारा वाजले होते.

राहिले पाट. जेवायला बसायचे सहा लाकडी पाट, पितळी फुल्यांचे. स्टूल म्हणावं तर त्यांना पाय नाहीत, बोर्ड म्हणावं तर त्यावर खडूने लिहिलं जाईल. शोधता शोधता मुलीला एक शब्द सापडला, ऑटोमन. चित्रात एक बुटकं, बिनपाठीचं, गुबगुबीत आसन होतं. तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यावरून हे नाव पडलं म्हणे. म्हणजे बादली लिस्बनची आणि पाट इस्तंबूलचा. गुबगुबीत सोडलं तर बाकी वर्णन जुळत होतं. बुटका, बिनपाठीचा. लिहिलं, ऑटोमन सहा.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. बाई अदबीने हिंदी बोलत होत्या. यादी एकदा पडताळायची होती. सगळं बरोबर आहे म्हटलं, फक्त एक राहिलंय. माळ्यावर तांब्याचा बंब आहे.

पलीकडे शांतता.

"सर, आपने बम बोला?"

"हां, बंब. कॉपर का. पुराना है, मेरे दादाजी का. उसमें कोयला डालते हैं, नीचे से आग लगाते हैं."

मला वाटलं सविस्तर सांगितलं की बरं पडेल. बाईंनी मला थांबायला सांगितलं आणि दोन मिनिटं सतारीवरचं काहीतरी वाजत राहिलं. मग एक पुरुष आला. त्याचा आवाज अतिशय शांत होता, सिनेमात असं सगळं निकामी करायला येणाऱ्या माणसांचा असतो तसा. "सर, एक्स्प्लोझिव हम नहीं लेते." मी घाईघाईने सांगायला गेलो की तो फुटत नाही, फक्त तापतो. त्याने विचारलं, अभी कहाँ रखा है? मी म्हटलं, तिसऱ्या माळ्यावरच्या माळ्यावर. आता मुंबईत मजलाही माळा आणि छताखालची सामानाची फळीही माळा, हे त्याला कोण सांगणार? मुलीने माझ्या हातून फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "वॉटर हीटर है, भैया. गीझर."

गीझर. आइसलंडमधल्या उकळत्या झऱ्याचं नाव. तो लगेच समजला.

सामान न्यायचा दिवस उजाडला. सतरा फुटी ट्रक आला आणि गल्लीच्या तोंडाशी अडकला. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला घरी परत जावं लागतं. बरोबर आलेला मुकादम यादी घेऊन वर आला, दारात उभा राहिला, आत पाहिलं, पुन्हा यादी पाहिली.

"सहा ऑटोमन कुठायत?" माणूस मराठी होता, बोलण्यावरून कराड-पाटणकडचा वाटला.

मी भिंतीशी उभे केलेले पाट दाखवले.

तो बराच वेळ पाटांकडे बघत राहिला. "हे पाट हायती की."

"हो," मी म्हटलं.

"मग पाट का न्हाई लिव्हलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पैसे सहा ऑटोमनचे भरले होते आणि मुकादम नियमाचा माणूस. त्याच्या पोरांनी एकेका पाटाला फुगेवाला प्लास्टिक कागद गुंडाळला, वर खाकी पुठ्ठा, वर चिकटपट्टी, आणि प्रत्येकावर छापील चिठ्ठी चिकटवली: ऑटोमन, ६ पैकी १. ऑटोमन, ६ पैकी २. विळीला फुगेवाला कागद मिळाला नाही, कारण खुर्च्यांना तो लावत नाहीत. ती चादरीत गुंडाळून गेली आणि चादर फाटली. चादर यादीत नव्हती.

वरवंटा आईने ट्रकमध्ये जाऊ दिला नाही. दहिसरपर्यंत टॅक्सीत मांडीवर घेऊन बसली. अंधेरीच्या सिग्नलला टॅक्सीवाल्याने आरशातून तीनदा पाहिलं, पण विचारलं काही नाही.

आता पंधरा दिवस झाले. पाटांवरचा कागद निघाला, पण चिठ्ठ्या निघत नाहीत. रॉकेल लावून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. काल रात्री पानं घेतली आणि मी आईला हाक मारली. ती भिंत धरत धरत आली, मांडलेल्या पाटाकडे वाकून पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

"हा नको रे," म्हणाली. "चार नंबरचा ऑटोमन डुगडुगतो. मला तीन नंबरचा दे."