नाण्यांची चळत रस पिऊन सुटत नाही

गेल्या रविवारी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रक्ततपासणीचं शिबिर झालं. तेव्हापासून एक व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या दिसल्या की रक्त विषारी, असं त्यात सांगतात. मग कोरफड-मशरूमचा पॉलिसॅकराइड रस घ्यायचा. त्यातल्या साखरेच्या साखळ्या म्हणे पेशींचं आवरण दुरुस्त करतात आणि 20 मिनिटांत पेशी सुट्या होतात. मी 18 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघते. शेजारच्या काकूंनी चार बाटल्या घेतल्या, म्हणून लिहिते आहे.

चळत म्हणजे विष नव्हे. आम्ही तिला रूलो म्हणतो आणि ती निरोगी रक्तातही होते. पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ठेवतात. प्लाझ्मातलं, म्हणजे रक्तातल्या द्रवातलं, फायब्रिनोजेन हे प्रथिन त्यांना जवळ आणतं. वाहत्या रक्तात ही चळत मोडत राहते. नळीत तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात हे मोजणारी ईएसआर चाचणी याच गुणावर चालते.

‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो कसे निघतात? काकूंच्या बोटाचा एकच थेंब मी स्लाइडवर ओढला. जाड भागात चळतीच चळती, पातळ कडेला पेशी सुट्या. रसाचा घोटही न घेता दोन्ही फोटो एकाच काचेवर! स्लाइडवर सलाइनचा थेंब सोडला तरी चळत सुटते. रक्तपेढीत प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या पेशींच्या खऱ्या गुठळ्यांपासून रूलो असाच वेगळा ओळखतात.

व्हिडिओतलं सर्वांत उलटं विधान साखळ्यांचं आहे. शिरेतून देतात ते डेक्स्ट्रान हे औषधही पॉलिसॅकराइडच. त्याच्या लांब साखळ्या रक्तात मिसळल्या, तर तांबड्या पेशी चिकटून चळती होतात, सुटत नाहीत. डेक्स्ट्रान 70 दिलेल्या रुग्णाचं क्रॉसमॅचिंग, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का याची तपासणी, त्यामुळेच बिघडू शकतं. तुलनेने आखूड साखळ्यांचं डेक्स्ट्रान 40 चळती कमी करतं, पण तेही शिरेतून द्यावं लागतं. प्यायलेल्या रसाचं काय होतं? स्टार्चचं आतड्यात ग्लुकोज होतं. मशरूममधलं बीटा-ग्लुकान आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातं.

आणि आवरणाची डागडुजी? पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात हे खरं, ए, बी, ओ हे रक्तगट त्यांच्यावरच ठरतात. पण त्या शरीर स्वतः घडवतं, जनुकांच्या हुकमाने. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली याच शहरात नोंदवलेल्या बॉम्बे रक्तगटात ए आणि बी गटांचा पाया असलेली एच ही साखळीच तयार होत नाही. अशा माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. खाण्यापिण्याने ती साखळी बसवता आली असती, तर दाता शोधायला कुणाला धावावं लागलं नसतं.

काकूंचा ईएसआर वाढलेला आहे आणि दोन महिने पाठ दुखते. उतारवयात सतत दिसणारा रूलो, वाढलेला ईएसआर आणि हाडांचं दुखणं असलं तर मल्टिपल मायलोमाची, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाची, शक्यता डॉक्टर तपासतात. उद्या सकाळी मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाते आहे. बाटल्या तशाच सीलबंद आहेत.